पंच क्रमांक दोन

नाव दिगंबर सखाराम पावसे, वय बावन्न,
धंदा बर्फाचा, राहणार बुरोंडी, खालची आळी.
एक नंबरचे पंच इब्राहिम मुकादम.
ते पहाटे मुळे काढायला गेले होते,
पहिलं पाकीट त्यांच्याच पायाला लागलं.

ओहोटीला एकूण अकरा.
वर खाकी टेप, आत प्लास्टिक, प्लास्टिकवर शिक्का:
घोडा की हरीण, यावर आमचं एकमत झालं नाही.
पंचनाम्यात ‘चतुष्पाद प्राणी’ असं लिहिलं.
कस्टमचे ढोबळे साहेब वर्ध्याकडचे,
बूट हातात धरून पुळणीवर उभे.
काटा माझा. काल त्यावर सुरमई मोजली होती.
दहा पाकिटं सरळ. अकरावं फुटलेलं.
साहेब म्हणाले, लिहा, ओलाव्यामुळे वजनात फरक.

फरक.
तो माझ्या नखात होता.

जेटीवर तोवर कोर्ट भरलं.
निहार होमस्टेवाला म्हणे,
बाहेरच्या देशांत दुकानं आहेत, पाटी लावून.
आपण पाहुण्यांना काय देतो? सोलकढी.
आणि शिवरात्रीला डोंगरावरच्या मठात
चिलीम फिरते, तेव्हा साहेब कुठे असतात?
कोणीतरी हसलं. कोणीतरी देशी दारूचं दुकान
शाळेपासून किती लांब, ते पावलं टाकून दाखवलं.
‘तिला लायसन, हिला जेल!’
ठाकूर वकील चहात खारी बुडवत म्हणाले,
पानं चालतात, शेंडे चालत नाहीत,
झाड तेच, कायदा देठावर बदलतो.
मग शकुंतला तांडेल उठली, टोपली काखेत.
तिचा थोरला दोन वर्षं बोटीवर ओढायचा,
आता घरातल्या आरशांवर फडकी टाकून बसतो.
ती काही बोलली नाही.
गेली.
विषय डिझेलच्या भावावर आला.

मी कोणाच्या बाजूचा, ते विचारू नका.
घरी यशवंती आहे. डेरवणला चौथं केमो झालं.
पेज उतरत नाही, पाणी उतरत नाही,
उतरलं तर थांबत नाही.
डॉक्टरीणबाई तरुण, तोंडावर खरं बोलणारी:
‘या झाडापासून उलटीवर औषध होतं.
कुणाला लागू पडतं, कुणाला नाही.
मी लिहून दिलं तरी तुम्हाला मिळेल कुठे?
आणि परस्पर कुणाकडून आणू नका,
त्यात काय असेल, मलाही सांगता येणार नाही.’
सगळंच खरं. सगळंच घेऊन
मी दापोलीच्या एसटीत उभा होतो, बसायला जागा नव्हती.

अकरा पाकिटं. तिला हवं असेल नखाएवढं.
हा हिशेब पंचनाम्यात नाही.
सह्या तीन ठिकाणी केल्या:
दबावाखाली नाही, शुद्धीवर आहे,
वाचून दाखवलं, बरोबर आहे.

घरी येऊन हात धुतले. राखेनं, मग साबणानं.
तरी तिनं ओळखलं. हल्ली तिला
कशाचाच वास सोसत नाही,
फोडणीचा, उदबत्तीचा, माझा.
‘हात दे.’
दिला. तिनं तो नाकाशी बराच वेळ धरला.
‘भिजत घातलेल्या सोडणांचा वास गो बाय,’ आपल्याशीच म्हणाली,
‘ह्याच्यापायी एवढे पोलीस?’
आणि हसली. शिमग्यानंतर पहिल्यांदा.
मग पेज मागितली.

चार चमचे राहिले. पाचवा परत आला,
आणि त्याच्यामागून चारही.
मी पातेलं धरून बसलो, तिची पाठ चोळत,
उजव्या हातानं, मग आठवण होऊन डाव्या.

रात्री ढोबळे साहेबांचा फोन.
उद्याच्या भरतीला आणखी लागतील कदाचित,
सकाळी सहाला याल का, काटा घेऊन?
येतो, म्हणालो.

नखं कापायची राहिलीत.